उभ्या की आडव्या

अलेक्झांड्रियात मनशिया चौकामागच्या गल्लीत वगदी तादरोसचं औषधांचं दुकान होतं. दुकान वडिलांपासून चालत आलेलं, गिऱ्हाईक बांधलेलं. पण वगदीचा जीव काही दुकानात नव्हता. तो शहराच्या पश्चिमेला, अल-अलामैनच्या वाळवंटात अडकून पडला होता. दुसऱ्या महायुद्धात, बेचाळीस साली, तिथे परमुलखातली सैन्यं एकमेकांवर तुटून पडली आणि जाताना आपलं लोखंड तिथेच टाकून गेली. त्या लोखंडाचं वगदीला वेड होतं. कुठल्या तुकडीकडे कुठल्या नमुन्याचा रणगाडा, कुठल्या तोफेचं चाक कसं, हे त्याला गिऱ्हाइकांच्या दुखण्यांपेक्षा पक्कं पाठ. त्याची बायको सुहैर म्हणायची, "आमच्या लग्नाची तारीख विचारा, डोकं खाजवेल. रोमेल आजारी पडून घरी कधी गेला ते विचारा, वारासकट सांगेल."

दर शुक्रवारी दुपारी कहवाखान्यात त्याच्यासारख्याच वेड्यांचा अड्डा जमायचा. त्यात तैमूर हा वगदीचा सगळ्यात जुना मित्र, आणि सगळ्यात जुना वैरीही. बंदरावर इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेला, निवृत्त झालेला, आवाजानं दांडगा. या दोघांचं गेली कित्येक वर्षं एकाच रणगाड्यावरून भांडण चालू होतं.

हा रणगाडा इटालियन. दक्षिणेच्या एका खोलगट जागेत अर्धा वाळूत रुतलेला. भोवताली सुरुंग पेरलेले, ते अजून कुणी काढले नव्हते, त्यामुळे जवळ जायची सोय नव्हती. लांबच्या टेकाडावरून दुर्बिणीतून तोफेचा घुमट तेवढा दिसायचा. त्या रणगाड्याचे दोन नमुने होते, दिसायला सख्ख्या भावांसारखे. फरक मागच्या बाजूला, इंजिनावरच्या झाकणात. हवा आत घ्यायला तिथे जाळी असते. आधीच्या नमुन्यात तिच्या पट्ट्या उभ्या, म्हणजे रणगाड्याच्या लांबीला धरून. नंतरच्या नमुन्यात आडव्या.

"आडव्याच असणार," तैमूर टेबलावर मूठ आपटून म्हणायचा. "जुने सगळे लिबियातच मोडून संपले. तुझ्यासाठी एक शिल्लक ठेवायला इटालियन काय तुझे मेहुणे होते?"

"एखादा डागडुजी करून आणला असेल की! सगळं तुझ्या बंदरासारखं कागदाप्रमाणेच चालतं का?"

"मग जा आणि बघून ये. तुकडे गोळा करायला मी येतो."

सगळे हसायचे. वगदीही हसायचा, पण घरी जाताना तोच विचार डोक्यात घोळत राहायचा. यातून कुणाचं पोट भरणार नव्हतं की कुणाचं दुखणं बरं होणार नव्हतं. तरी रात्री डोळे मिटले की त्याला ते झाकण दिसायचं, आणि झाकणावर वाळू.

त्या भागात वगदीचा एक माणूस होता. मिफ्ताह. अवलाद अली टोळीतला बेदुइन. शेळ्या, थोडा जव, अंजिराची काही झाडं. फार वर्षांपूर्वी वगदीची गाडी वाळूत रुतली होती, ती मिफ्ताहनं दोरानं ओढून काढली आणि वर घरी नेऊन जेवू घातलं. तेव्हापासूनचा घरोबा. मिफ्ताहच्या आईच्या दम्याची औषधं वगदी पोचवायचा. मिफ्ताह त्याला सुरक्षित वाटांनी हिंडवायचा, कुठे गंजलेलं हेल्मेट, कुठे पाण्याचा फुटका डबा दाखवायचा. औषधं देतो म्हणून त्याला 'डॉक्टर' म्हणायचा.

त्या हिवाळ्यात वगदी औषधं घेऊन गेला. उन्हं कोवळी होती. घराच्या भिंतीला टेकून दोघं बसले. मिफ्ताहची बायको गझाला निखाऱ्यांवर चहा उकळत होती, काळाकुट्ट आणि गोड. वगदीनं तैमूरच्या टोमण्याची गोष्ट सांगितली. मिफ्ताह पोट धरून हसला.

"म्हणजे दोन शहाणी माणसं इतकी वर्षं एका झाकणावरून भांडताय?"

"अरे, झाकणच तर सगळं आहे. हे बघ." वगदीनं बोटानं वाळूत चौकोन काढला. त्यात उभ्या रेघा ओढल्या. शेजारी दुसरा चौकोन, त्यात आडव्या. "हा माझा, हा त्याचा. समोरून काही कळत नाही. घुमटाच्या मागे जाऊन वरून बघावं लागतं. वाळू साचली असेल, ती हातानं सारली की झालं. एकदा कुणी नुसतं बघितलं ना मिफ्ताह, तर मी सुखानं मरेन."

"एवढंच?"

"एवढंच."

"तिकडे सुरुंग आहेत."

"माहीत आहे रे. म्हणून तर म्हणतो, राहू दे."

राहू दे, असं तो म्हणाला खरा. पण म्हणताना त्याची नजर टेकाडाकडे गेली आणि तिथेच राहिली. गझालानं पेला पुढे केला तो त्याला दिसलाही नाही. तिला दोनदा "डॉक्टर, चहा" म्हणावं लागलं.

मिफ्ताहचा स्वभाव वगदीला ठाऊक नव्हता असं नाही. एकदा वगदीनं मिफ्ताहच्या भिंतीवरच्या जुन्या सुरीचं सहज कौतुक केलं होतं, तर घरी पोचल्यावर ती सुरी त्याच्या पिशवीत निघाली. पाहुण्यानं काही हवं म्हटलं आणि आपण ते दिलं नाही, ही गोष्ट त्या माणसाला झोपू द्यायची नाही.

दोन-तीन आठवड्यांनी दुकानात फोन आला. मिफ्ताहचे चुलते हाजी बुझैद बोलत होते. मिफ्ताहचा पाय सुरुंगावर पडला. माणूस वाचलाय, पाय गेलाय. अलेक्झांड्रियाच्या मोठ्या रुग्णालयात आणलाय.

वगदी पांढरा डगला अंगावर तसाच ठेवून धावला.

मिफ्ताह खाटेवर होता, चेहरा मातीच्या रंगाचा. गुडघ्याखाली चादर सपाट पडलेली. गझाला खिडकीपाशी संत्रं सोलत बसली होती. वगदी खाटेशी गेला. त्यानं मिफ्ताहचा हात धरला.

मिफ्ताहनं डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि ओठ हलवले. वगदी खाली वाकला.

"डॉक्टर," मिफ्ताह म्हणाला, "उभ्या होत्या."

"काय?"

"पट्ट्या. उभ्या. हातानं वाळू सारून बघितलं. तुमचंच खरं. जाताना नीट गेलो, शेळ्यांच्या वाटेनं. येताना घाई झाली. तुम्हाला फोन करायचा होता ना."

आणि वगदीच्या छातीत आनंदाची एक उसळी आली. लख्ख, गरम, लहान पोराला होते तशी. उभ्या! त्याच्या डोळ्यांपुढे तैमूरचा पडलेला चेहरा उभा राहिला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग नजर त्या सपाट चादरीवर गेली, आणि आपण आत्ता काय केलं हे त्याला कळलं. मान वर केली तर गझालाचे हात थांबले होते. ती त्याच्याकडे बघत होती. मग तिनं खाली बघून संत्रं सोलायला घेतलं.

वगदीनं धावपळीत काही कसर ठेवली नाही. औषधं आणली, सर्जनला गाठलं, गझालाची राहायची सोय आपल्या घरी केली. ती सुहैरशी बोलायची, घरकामाला हात लावायची, पण वगदी खोलीत आला की तिला काहीतरी काम आठवायचं. मिफ्ताहचे नातेवाईक भेटायला येत. ते वगदीला मिठी मारून म्हणत, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." प्रत्येक आभाराबरोबर वगदी आतून आक्रसत जायचा. यापेक्षा कुणी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

आपण जा म्हटलं नव्हतं, हे तो स्वतःला समजावायचा. राहू दे असंच म्हटलं होतं. पण मग दुसरा विचार यायचा. राहू द्यायचं होतं, तर मागून बघायचं, वाळू सारायची, हे कशाला सांगितलंस? जो जाणारच नाही त्याला कुणी वाट समजावून सांगतं का?

शुक्रवारी तो कहवाखान्यात गेला. जायचं नव्हतं, पण घरात गझाला होती, दुकानात फोन होता, पाय आपोआप तिकडे वळले. गप्प बसायचं असं ठरवून तो कोपऱ्यात बसला. तैमूरला ते बघवेना.

"काय रे, आज तोंड का बारीक? झाकणानं दगा दिला वाटतं! कबूल कर, पट्ट्या आडव्या, आणि मोकळा हो."

"उभ्या आहेत," वगदी म्हणाला.

त्यानं म्हटलं नाही, ते निसटलं.

"कशावरून?"

"पाहिल्यात. एका ओळखीच्या माणसानं. वाळू सारून."

तैमूर त्याच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची मागे सारून उठला, आणि भर कहवाखान्यात त्यानं वगदीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "हरलो! या वगदीपुढे हरलो! अरे, सगळ्यांना चहा आणा, पुदिना घालून!" पुन्हा बसताना तो सहज म्हणाला, "मोठ्या छातीचा दिसतो तुझा माणूस. तिथे सुरुंग आहेत ना? सुखरूप आला ना परत?"

"आला," वगदी म्हणाला.

चहा आला. सगळे त्या रणगाड्याबद्दल बोलू लागले. जुना नमुना एवढ्या उशिरापर्यंत तग धरून होता म्हणजे काय काय नव्यानं मांडावं लागेल, कुणाकुणाचं चुकलं. इतकी वर्षं वगदीला हेच ऐकायचं होतं. तो मध्येच उठला, आणि चहा तसाच टाकून घरी गेला.

मिफ्ताहला रुग्णालयातून घरी सोडल्यावर काही दिवसांनी वगदी हाजी बुझैद यांच्याकडे गेला. टोळीतले तंटे हाजी सोडवत. कुणाच्या जनावरानं कुणाचं शेत खाल्लं, कुणी कुणाचं डोकं फोडलं, पोलिसांच्या आधी प्रकरण त्यांच्यापुढे यायचं. वगदी त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "हाजी, मला तुमच्या रिवाजाप्रमाणे बैठक हवी आहे."

"कुणावर दावा आहे तुझा?"

"माझ्यावरच. मिफ्ताहचा पाय माझ्यामुळे गेला."

हाजींनी दाढी कुरवाळली. "आजवर माझ्यापुढे माणसं 'तो मी नव्हेच' म्हणत आलीत. बरं. बोलावतो."

बैठक हाजींच्याच घरी भरली. भिंतीकडेनं गाद्या, त्यांवर टोळीतली वडीलधारी माणसं. मिफ्ताह कुबड्यांवर आला आणि हाजींच्या उजव्या बाजूला, भिंतीला टेकून बसला. बायका पलीकडच्या खोलीत, मध्ये पडदा. वगदीनं सगळं सांगितलं. वाळूतले चौकोन, टेकाडाकडे बघणं, सुरी, सगळं.

"तू त्याला जा म्हणालास?" हाजींनी विचारलं.

"नाही."

"नको जाऊ म्हणालास?"

"राहू दे म्हणालो."

"सुरुंग असल्याचं लपवलंस?"

"नाही. तोच मला म्हणाला."

"मग तुझ्याकडून काय मागायचं, बाबा?"

"हाजी, तो जाईल हे मला माहीत होतं."

"माहीत होतं की वाटलं होतं?"

वगदी अडखळला. "माहीत होतं. फक्त मी स्वतःला ते कळू दिलं नाही."

यावर मिफ्ताहच भडकला. त्यानं कुबडी जमिनीवर आपटली. "पुरे झालं! मी काय शेळी आहे, कुणीही हाकलावं आणि मी निघावं? या मातीत जन्मलो मी. कुठे पाय टाकायचा ते मला कळतं. त्या दिवशी चुकलं, माझं चुकलं. डॉक्टर, पाय माझा होता, माझ्या मर्जीनं गेला. आता तोसुद्धा तुम्ही आपल्या नावावर करून घेताय का?"

वगदीनं मान खाली घातली. असा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

"झालं," हाजी म्हणाले. "ज्याचा पाय गेला तो दावा करत नाही. या माणसावर काही निघत नाही."

तेवढ्यात पडदा सरकला. गझाला उंबऱ्यात उभी होती. बायकांनी बैठकीत यायचा रिवाज नव्हता, पण हाजींनी तिला परत जा म्हटलं नाही.

"मला डॉक्टरांना एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "रुग्णालयात यांनी तुम्हाला सांगितलं, पट्ट्या उभ्या होत्या. तेव्हा तुमच्या तोंडावर काय आलं? मी खिडकीत होते."

वगदीला वाटलं, जमीन दुभंगावी. उत्तर टाळायच्या दहा वाटा त्याला एकाच वेळी दिसल्या. धक्का बसला होता. काही सुचत नव्हतं. रडू येत होतं. यातली कुठलीही सांगितली असती तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

"आनंद आला," तो म्हणाला. "मी जिंकलो, असं वाटलं. मिफ्ताहच्या पायाची आठवण नंतर झाली."

कुणीतरी जीभ टाळूला लावून चुकचुकलं. मिफ्ताह त्याच्याकडे बघत होता. रागानं नाही, नवीन माणसाकडे बघावं तसं.

"सूनबाई," हाजी सावकाश म्हणाले, "हातानं केलेल्या गुन्ह्याला आपल्याकडे दंड आहे. तोंडानं केलेल्यालाही आहे. याला काही नाही. मी काय लावू?"

"मला दंड नकोय, चाचा." गझाला म्हणाली. "इतके दिवस मला वाटत होतं, मला भास झाला. एवढा राबणारा माणूस, आणि मी त्याच्याबद्दल असलं काही मनात धरते. मी यांनाही सांगितलं नाही. माझीच मला शरम वाटायची. आता कळलं, माझे डोळे ठीक आहेत." ती वगदीकडे वळली. "जेवून जा. भात आणि मटण झालंय."

तो जेवला. एकेक घास ढकलत, शेवटपर्यंत. त्या घरात ताट अर्धं टाकून उठणं त्याच्यानं होणार नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं तैमूरला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तैमूर नेहमीप्रमाणे ओरडला नाही. पेल्यातल्या पुदिन्याकडे बघत बसला. "मी तुला म्हटलं होतं, जा आणि बघून ये," तो शेवटी म्हणाला. "गंमत म्हणून."

"तुझा काही दोष नाही."

"माहीत आहे नाही ते. तरी..." त्या रणगाड्याबद्दल दोघांनी कधी काही लिहिलं नाही. अड्ड्यावर कुणी विषय काढलाच तर तैमूर मोठ्या आवाजात दुसरं काहीतरी बोलायला लागायचा.

अलेक्झांड्रियात कृत्रिम पाय बसवणारा एक चांगला कारागीर होता. वगदीनं मिफ्ताहला त्याच्याकडे नेलं, मापं झाली, पाय बसला. मिफ्ताह आधी पडायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा उठायचा. "हा पाय डॉक्टरांसारखा आहे," तो गझालाला म्हणायचा. "हट्टी, आणि भलत्याच दिशेला जातो." वगदी महिन्यातून दोनदा-तीनदा जायचा, आईची औषधं द्यायचा, चहा प्यायचा. मिफ्ताह एकदा म्हणाला, "डॉक्टर, हल्ली लढाईचं काही सांगत नाही तुम्ही." वगदीनं सांगायचा प्रयत्न केला. एका तोफेबद्दल बोलायला लागला, आणि मध्येच त्याला जाणवलं की मिफ्ताह किती मन लावून ऐकतोय. तो थांबला. म्हणाला, पुढचं विसरलो. दोघांनाही ते खोटं आहे हे कळलं, आणि मिफ्ताहनं पुन्हा विचारलं नाही.

गझाला चहा करायची, पण पेला वगदीच्या हातात द्यायची नाही. ताटलीत ठेवून मिफ्ताहकडे सरकवायची, मिफ्ताह तो पुढे करायचा. वगदीनं त्याबद्दल कधी मनात किंतु आणला नाही. त्या घरात आपल्याला ओळखणारं एक माणूस आहे, याचा त्याला आधारच वाटायला लागला होता.

वसंतात जव काढायला आला. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, पीक गुडघ्याएवढं. वगदी पोचला तेव्हा मळणी संपत आली होती. मिफ्ताह नव्या पायावर तोल सांभाळत फावड्यानं भुसा बाजूला करत होता, घामानं निथळलेला. भरलेली पोती एका ओळीत उभी होती. ती कोठीत न्यायची होती, आणि ओझं घेऊन चालायला मिफ्ताहला अजून जमत नव्हतं. गझालानं एका पोत्याचा कोपरा धरला, ओढून बघितला, जड होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. वगदी कोट काढून तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.

ती क्षणभर थांबली.

"जरा वर धरा," ती म्हणाली. "खालून फाटकं आहे."

त्यानं वर धरलं, आणि दोघं पोतं घेऊन कोठीकडे चालू लागले.